ॲनिमेतील कथनसंकेत आणि अद्भुतरम्य भूमिकाखेळ : एक तौलनिक विवेचन

सारांश :

जपानी ॲनिमे व अद्भुतरम्य भूमिकाखेळ यांच्यात चमू, पातळी, पेशा, असुरराज, पुनरुज्जीवन असे अनेक कथनसंकेत समान आढळतात. हे साम्य वरवरचे नसून त्यामागे सुमारे पन्नास वर्षांच्या देवाणघेवाणीचा इतिहास आहे. मात्र प्रत्येक साम्य म्हणजे प्रभाव नव्हे. प्रस्तुत लेखात या देवाणघेवाणीचे टप्पे स्पष्ट केले असून, प्रभावातून आलेले संकेत आणि स्वतंत्रपणे विकसित झालेले संकेत यांत भेद केला आहे. खेळाच्या नियमांनी कथेतील श्रम व मरण या दोन अनुभवांचा अर्थ कसा बदलला, हा या विवेचनाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

बीजसंज्ञा : ॲनिमे, भूमिकाखेळ, कथनसंकेत, चमू, पातळी, इसेकाई.

प्रस्तावना :

कोणताही कथाप्रकार संकेतांवाचून उभा राहत नाही. चकोराने चांदणे प्यावे, हंसाने दूध व पाणी वेगळे करावे, हे कविसंकेत आपल्या काव्यपरंपरेने शतकानुशतके सांभाळले. ते खरे आहेत काय, असे रसिक विचारीत नाही. कवीने त्यांचा उपयोग कसा केला, हे तो पाहतो. लोकप्रिय कथाप्रकारांविषयी मात्र आपली भूमिका अशी उदार नसते. त्यांतील संकेतांना आपण 'ठरावीक साचा' म्हणतो आणि विषय तेथेच संपवितो.

ॲनिमे म्हणजे जपानी सचेतपट हा असाच एक कथाप्रकार होय. आपल्या वर्गातील अनेक विद्यार्थी ॲनिमे आवडीने पाहतात आणि त्यांच्या कथाविषयक अपेक्षा काही प्रमाणात तेथे घडतात. साहित्याच्या अध्यापकाने या अपेक्षांचे स्वरूप समजून घेणे आवश्यक आहे. ॲनिमेतील अद्भुतरम्य कथांचा विचार करताना असे दिसते की, त्यांतील जग, पात्रे आणि संघर्ष यांची मांडणी एखाद्या खेळाच्या नियमपुस्तकासारखी असते. ही मांडणी कोठून आली व तिने काय साधले, याचा शोध येथे घ्यावयाचा आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) भूमिकाखेळ व ॲनिमे यांच्यातील देवाणघेवाणीचे ऐतिहासिक टप्पे स्पष्ट करणे.
२) दोहोंतील समान कथनसंकेतांचे स्वरूप व कार्य तपासणे.
३) या संकेतांमुळे श्रम व मरण यांच्या चित्रणात झालेला बदल समजून घेणे.

अभ्यासपद्धती :

प्रस्तुत लेखासाठी ऐतिहासिक व तौलनिक पद्धतीचा अवलंब केला आहे. विवेचनासाठी निवडलेल्या कलाकृती प्रातिनिधिक आहेत. त्यांवरून संपूर्ण ॲनिमे-सृष्टीविषयी विधान करण्याचा हेतू नाही.

१. भूमिकाखेळ म्हणजे काय?

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध केला. टेबलावर मांडावयाच्या युद्धखेळांतून त्याचा उगम झाला होता. युद्धखेळात खेळाडू संपूर्ण सैन्य चालवितो. या नव्या खेळात तो एकच पात्र चालवू लागला. चार-सहा जण टेबलाभोवती बसतात. त्यांतील एक जण सूत्रधार होतो. तो जगाचे वर्णन करतो, शत्रूंची व इतर पात्रांची भूमिका घेतो आणि नियमांचा अर्थ लावतो. इतर खेळाडू आपापले पात्र काय करते, ते बोलून सांगतात. कृती सफल झाली की नाही, हे फाशांवरून ठरते.

या खेळातील चार कल्पना पुढील विवेचनासाठी महत्त्वाच्या आहेत. पहिली कल्पना गुणांकांची. प्रत्येक पात्राचे बळ, बुद्धी, शहाणपण, चापल्य, काटकपणा व व्यक्तिप्रभाव असे सहा गुण अंकांत मांडलेले असतात. दुसरी कल्पना पेशाची. मूळ नियमांत योद्धा, मांत्रिक आणि धर्मसेवक असे तीन पेशे होते. १९७५ च्या पुरवणीत त्यांत चोराची भर पडली. तिसरी कल्पना पातळीची. पराक्रमाबद्दल अनुभवगुण मिळतात आणि ते पुरेसे साठले की पात्र वरच्या पातळीवर जाते. चौथी कल्पना प्राणगुणांची. आघात झाला की हे गुण घटतात, पण शून्यावर येईपर्यंत पात्र पूर्वीच्याच जोमाने लढू शकते.

कथेच्या दृष्टीने पाहता या खेळाला लेखक नाही. सूत्रधाराला आरंभ माहीत असतो, शेवट माहीत नसतो. खेळाडूंना आपले पात्र माहीत असते, त्याचे भवितव्य माहीत नसते. कथा सर्वांच्या समोर आणि सर्वांच्या हातून घडत जाते.

२. टेबलावरून पुस्तकाकडे, पुस्तकावरून पडद्याकडे

'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ची जपानी आवृत्ती १९८५ साली निघाली. पुढल्याच वर्षी, १९८६ मध्ये, 'कॉम्पटिक' या संगणक-खेळविषयक मासिकात एक वेगळ्याच प्रकारचे लेखन प्रसिद्ध होऊ लागले. काही मित्रांनी खेळलेल्या खेळाचा तो संवादरूप वृत्तांत होता. या लेखनप्रकाराला जपानमध्ये 'रीप्ले' म्हणतात. त्यात पात्रांचे पराक्रम असतात, तसेच खेळाडूंचे विनोद, त्यांची धांदल आणि फासा उलटा पडल्यावरची हळहळही असते. एकाच पानावर वीर आणि त्याला चालविणारा मनुष्य असे दोघेही बोलत असतात.

या वृत्तांताचे नाव 'रेकॉर्ड ऑफ लोडोस वॉर'. सूत्रधार होते र्‍यो मिझुनो आणि त्यांच्यामागे होती हितोशी यासुदा यांनी स्थापन केलेली 'ग्रुप एसएनई' ही लेखक-खेळकर्त्यांची मंडळी. लोडोस नावाच्या शापित बेटावरील सहा जणांची ही कथा. तरुण योद्धा पार्न, एल्फ-कन्या डीडलिट, ठेंगणा गिम, मांत्रिक स्लेन, धर्मसेवक एटो आणि चोर वुडचक. पेशांचा विचार करता येथे नियमपुस्तकातील जवळजवळ सर्व प्रकार हजर आहेत. डीडलिट ही भूमिका हिरोशी यामामोटो या विज्ञानकथालेखकाने खेळलेली होती, ही गोष्ट विशेष उद्बोधक आहे. ॲनिमेतील एक अत्यंत लोकप्रिय नायिका कोणा एका लेखकाच्या कल्पनेतून नव्हे, तर टेबलाभोवतीच्या संवादातून आकाराला आली.

१९८८ साली मिझुनो यांनी याच कथेवर कादंबरीलेखन सुरू केले. १९९० साली मॅडहाउस या निर्मितीगृहाने तेरा भागांची ॲनिमे-मालिका काढली. खेळ, रीप्ले, कादंबरी, ॲनिमे असा हा प्रवास झाला. प्रत्येक टप्प्यावर काही गळले आणि काही टिकले. खेळाडूंचे विनोद गळले. फासे दिसेनासे झाले. पेशांनुसार विभागलेला चमू मात्र टिकला. युताका इझुबुची यांनी रेखाटलेले डीडलिटचे लांबलचक, आडवे निघालेले कान तर पुढे जपानी चित्रसृष्टीतील एल्फची ओळखच बनले. युरोपीय लोककथेतून इंग्रजी कादंबरीत, तेथून अमेरिकी खेळात आणि खेळातून जपानी चित्रात आलेल्या या जमातीला तिचे आजचे प्रसिद्ध रूप जपानमध्ये मिळाले.

१९८९ साली 'ग्रुप एसएनई'ने 'सोर्ड वर्ल्ड' हा स्वतःचा भूमिकाखेळ प्रसिद्ध केला. लोडोस ज्या जगात आहे त्याच जगात तो घडतो. अमेरिकी खेळाला अनेक आकारांचे फासे लागत; या खेळाला नेहमीचे सहापैलू दोन फासे पुरत. कोणत्याही घरी सापडणाऱ्या साधनांवर खेळ उभा करण्याचा हा निर्णय प्रसाराच्या दृष्टीने शहाणपणाचा होता.

३. संगणकावरील दुसरा प्रवाह

टेबलावरील खेळाला समांतर असा दुसरा प्रवाह संगणकाचा. १९८१ मध्ये अमेरिकेत 'विझार्ड्री' आणि 'अल्टिमा' हे संगणकीय भूमिकाखेळ निघाले. त्यांत सूत्रधाराची जागा यंत्राने घेतली. या दोन्ही खेळांचा प्रभाव घेऊन युजी होरी यांनी १९८६ साली 'ड्रॅगन क्वेस्ट' हा खेळ रचला. घरगुती खेळयंत्रावर, लहान मुलालाही कळेल अशा सोप्या आज्ञांनी चालणारा हा खेळ जपानमध्ये घरोघरी पोहोचला. त्याची पात्रे व राक्षस अकिरा तोरियामा यांनी रेखाटले. तोरियामा त्याच काळात 'ड्रॅगन बॉल' ही चित्रकथा साप्ताहिकातून क्रमशः लिहीत होते. म्हणजे खेळ आणि ॲनिमे यांचा चेहरा प्रत्यक्ष एकाच हाताने घडविला जात होता. १९८७ साली 'फायनल फँटसी' हा खेळ आला. त्याच्या आरंभीच खेळाडूने सहा पेशांमधून चार योद्ध्यांचा चमू निवडावयाचा असे.

या प्रवाहाने जपानी वाचक-प्रेक्षकाला एक सामायिक अद्भुत जग दिले. दगडी गाव, सराई, भुयार, बुळबुळीत आणि निरुपद्रवी दिसणारा स्लाइम, दूरच्या किल्ल्यातला असुरराज आणि त्याला जिंकण्यासाठी निघालेला वीर. पुढील काळातील ॲनिमे-लेखकाला या जगाचे वर्णन करण्याची गरज उरली नाही. मराठी कीर्तनकाराला पंचवटी म्हणजे काय हे सांगावे लागत नाही, त्याचप्रमाणे जपानी लेखकाला असुरराज म्हणजे कोण हे सांगावे लागत नाही.

४. समान कथनसंकेत

अ) चमू : अद्भुतरम्य ॲनिमेत नायक क्वचितच एकटा असतो. त्याच्याभोवती वेगवेगळ्या सामर्थ्यांचे सोबती असतात आणि एकाची उणीव दुसरा भरून काढतो. खेळात ही रचना गरजेतून आली. टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला काही तरी काम हवे, म्हणून कोणालाही सर्व काही येता कामा नये.

येथे मात्र सावधगिरी हवी. चमूची कल्पना जपानला भूमिकाखेळाने दिली, असे म्हणता येणार नाही. कुत्रा, माकड व फीझंट पक्षी यांना घेऊन राक्षसांच्या बेटावर जाणारा मोमोतारो जपानी लोककथेत फार पूर्वीपासून आहे. क्योकुतेई बाकिन यांची 'नान्सो सातोमी हाक्केन्देन' ही १८१४ ते १८४२ या काळात प्रसिद्ध झालेली प्रदीर्घ कादंबरी आठ वीरांची कथा सांगते; त्या प्रत्येकाजवळ एकेका सद्गुणाचे अक्षर असलेला मणी असतो. १९७२ च्या 'गॅचामान' या ॲनिमेतही ठरलेल्या भूमिकांचे पाच जण होते, आणि तेव्हा अमेरिकी खेळ जन्मालाही आला नव्हता. भूमिकाखेळाने नवे दिले ते पेशांचे विशिष्ट वर्गीकरण. चमूची मूळ आवड जपानी परंपरेतच होती, म्हणून ते वर्गीकरण तेथे इतक्या सहजपणे रुजले.

आ) पातळी : कुमारांसाठीच्या जपानी साप्ताहिकांतील कथांत नायक सराव करतो, हरतो, पुन्हा सराव करतो आणि अधिक प्रबळ शत्रूला सामोरा जातो. प्रत्येक शत्रू ही एक पायरी असते. 'ड्रॅगन बॉल'मध्ये तर एका टप्प्यावर डोळ्यावर लावावयाचे एक यंत्र येते आणि ते समोरच्याचे सामर्थ्य अंकात सांगते. पातळीची कल्पना येथे कथेच्या पृष्ठभागावर उघड झाली. गंमत अशी की, तोरियामा यांनी लगेच या अंकाचा फोलपणाही दाखविला. नायक आपले सामर्थ्य लपवू शकतो, यंत्र फसते आणि अंकावर विसंबणारा शत्रू मारला जातो. संकेत स्वीकारणे आणि त्याच क्षणी त्याच्यावर मात करणे, असे दुहेरी काम हा प्रसंग करतो.

इ) कृतीची घोषणा : ॲनिमेतील योद्धा प्रहार करण्यापूर्वी त्या प्रहाराचे नाव मोठ्याने उच्चारतो. नवख्या प्रेक्षकाला हे हास्यास्पद वाटते. टेबलावरील खेळात पात्राची प्रत्येक कृती खेळाडूला बोलूनच दाखवावी लागते. संगणकीय खेळात ती यादीतून निवडावी लागते. साम्य स्पष्ट आहे. परंतु १९७२ च्या 'माझिंगर झेड'मधील यंत्रमानवाचा चालकही अस्त्राचे नाव पुकारूनच ते सोडीत असे. हा संकेतही भूमिकाखेळापेक्षा जुना आहे. दोन्हीकडे उद्देश एकच : दिसणाऱ्या किंवा न दिसणाऱ्या कृतीला नाव देऊन ती श्रोत्यांच्या मनात पक्की करणे.

ई) प्राणगुण : रक्तबंबाळ झालेला नायक शेवटच्या क्षणापर्यंत पूर्ण बळाने लढतो आणि विजय मिळताच कोसळतो. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने हे अशक्य आहे. प्राणगुणांच्या हिशेबाने मात्र ते अगदी नियमाला धरून आहे. येथेही प्रभाव सिद्ध करता येत नाही, पण खेळाडूला हे दृश्य ओळखीचे का वाटते, ते कळते.

उ) क्रमशः रचना : साप्ताहिकातील चित्रकथा वाचकांच्या प्रतिसादावर चालते. जपानमधील प्रमुख कुमार-साप्ताहिके वाचकांकडून पसंतीची पत्रे मागवितात. नापसंत कथा लवकर गुंडाळली जाते आणि पसंत कथा लेखकाच्या मूळ योजनेपलीकडे लांबते. त्यामुळे लेखकाची अवस्था सूत्रधारासारखी होते. त्याला शेवट ठाऊक नसतो. एखादे दुय्यम पात्र वाचकांना आवडले की त्याला मोठे करावे लागते. कालचा शत्रू आज मित्र होतो. खेळाच्या बैठकीतही नेमके हेच घडते. सूत्रधाराने सहज निर्माण केलेल्या सराईवाल्याशी खेळाडूंचा स्नेह जडतो आणि तो पुढे कथेचा आधारस्तंभ बनतो. शत्रूचे मित्रात रूपांतर हा ॲनिमेतील ठळक संकेत अशा रीतीने कथनाच्या परिस्थितीतून जन्मला आहे.

५. इसेकाई आणि अंकांचे जग

'इसेकाई' म्हणजे दुसरे जग. आपल्या जगातील सामान्य मनुष्य अन्य जगात जाऊन पडतो, ही कल्पना ॲनिमेत जुनी आहे. १९८३ मधील 'ऑरा बॅटलर डनबाइन' किंवा फुयुमी ओनो यांच्या कादंबऱ्यांवर आधारित, २००२ साली आलेली 'द ट्वेल्व्ह किंगडम्स' ही तिची उदाहरणे होत. त्या जगांना स्वतःचा भूगोल, राज्यव्यवस्था आणि नीतिनियम होते. पण तेथे अंक नव्हते.

परिस्थिती बदलली ती संगणकीय जाळ्यावरील सामूहिक खेळांनंतर. रेकी कावाहारा यांनी २००२ पासून स्वतःच्या संकेतस्थळावर लिहिलेली 'सोर्ड आर्ट ऑनलाइन' ही कथा २००९ मध्ये पुस्तकरूपाने आणि २०१२ मध्ये ॲनिमेरूपाने आली. दहा हजार खेळाडू एका खेळात अडकतात. शंभर मजल्यांचा किल्ला सर केल्याशिवाय सुटका नाही आणि खेळातील मरण हे खरे मरण ठरते. याच सुमारास 'शोसेत्सुका नि नारो' या २००४ पासून चालू असलेल्या संकेतस्थळावर हौशी लेखकांच्या इसेकाई-कथांचा पूर आला. पुढील काळातील अनेक कथांत नायक खेळात अडकलेला नसतो, खऱ्याच दुसऱ्या जगात जन्मलेला असतो. तरीही तेथे पातळी असते, कौशल्यांची यादी असते, साहसवीरांच्या संघात दर्जे असतात; एक शब्द उच्चारताच डोळ्यांसमोर गुणांकांची चौकट उघडते. खेळाचे नियम येथे निसर्गनियम झाले आहेत.

जपानी समीक्षक हिरोकी अझुमा यांनी या अवस्थेचे केलेले विश्लेषण मार्गदर्शक आहे. २००१ मधील ग्रंथात त्यांनी असे मांडले की, नवा वाचक एखाद्या महाकथेच्या मागे नसून सुट्या घटकांच्या साठ्यातून निवड करीत असतो. कान, केशरचना, स्वभाव, पेशा हे ते घटक होत. २००७ मधील ग्रंथात त्यांनी 'खेळसदृश वास्तववाद' ही संकल्पना मांडली. पारंपरिक कादंबरी एकदाच जगता येणाऱ्या आयुष्याची कथा सांगते. खेळात मात्र हरलेला खेळाडू पुन्हा आरंभापासून सुरुवात करू शकतो. अशा वाचकासाठी लिहिताना मरणाचे गांभीर्य कसे राखावे, हा लेखकापुढचा खरा पेच आहे. कावाहारा यांची कथा या पेचाला थेट भिडते : खेळाची सर्व साधने तशीच ठेवून ती केवळ पुनरारंभाची सोय काढून घेते.

मरणाइतकाच श्रमाचा प्रश्न महत्त्वाचा आहे. पातळीच्या जगात कष्ट वाया जात नाहीत. प्रत्येक प्रहाराची नोंद होते, नोंदीचे गुण होतात आणि गुण साठले की बढती निश्चित. प्रत्यक्ष जगात असे आश्वासन कोणीच देऊ शकत नाही. वर्षानुवर्षे अभ्यास करूनही एका गुणाने मागे राहिलेला विद्यार्थी आपल्यापैकी प्रत्येक अध्यापकाने पाहिलेला आहे. ज्याच्या वाट्याला असे अनिश्चित श्रम आले आहेत, त्याला हिशेबी जगाची ओढ वाटावी यात नवल नाही. हा निव्वळ पलायनवाद म्हणून बाजूला सारण्याऐवजी, न्याय्य जगाची ती एक कल्पना आहे, असे समजून तिची चिकित्सा करणे अधिक योग्य ठरेल. त्या कल्पनेतील उणीवही लक्षात घ्यावयास हवी : अंक वाढला म्हणजे मनुष्य बदलला, असे नव्हे. पातळी चढणे आणि परिपक्व होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

६. उलट दिशेचा प्रवास

ही देवाणघेवाण एकमार्गी नव्हती. अमेरिकेत माइक पाँडस्मिथ यांनी १९८४ साली जपानी यंत्रमानव-कथांच्या प्रेरणेने 'मेक्टन' हा भूमिकाखेळ रचला. १९९७ साली कॅनडातून प्रसिद्ध झालेला 'बिग आईज, स्मॉल माउथ' हा खेळ तर कोणत्याही प्रकारची ॲनिमे-कथा टेबलावर खेळता यावी, या हेतूनेच तयार करण्यात आला.

जपानमधील दोन खेळ याहून सूक्ष्म आहेत. र्‍यो कामिया यांच्या २००६ मधील 'गोल्डन स्काय स्टोरीज' या खेळात फासे नाहीत आणि लढाईही नाही. मनुष्यरूप घेऊ शकणारे कोल्हे, मांजरे इत्यादी प्राणी एका लहानशा गावातील माणसांच्या छोट्या अडचणी सोडवितात. कोणाचा प्रसंग मनाला भिडला की इतर खेळाडू त्याला गुण देतात. अत्सुहिरो ओकादा यांच्या २००७ मधील 'र्‍युतामा' या खेळात सामान्य माणसे प्रवासाला निघतात. पाऊस, थकवा आणि वाट चुकणे हेच त्यांचे शत्रू. शांत, दैनंदिन जीवनाचे चित्रण करणारी ॲनिमेची जी एक परंपरा आहे, तिचे हे खेळरूप म्हणता येईल. गुण कशासाठी द्यावयाचे हे बदलले की कथा कशाविषयी असावी हेही बदलते, असा महत्त्वाचा धडा या खेळांतून मिळतो.

७. संकेतांची पुनर्रचना

संकेत पुरेसे रूढ झाले की त्यांचे विडंबन आणि पुनर्विचार सुरू होतो. २०१६ मधील 'कोनोसुबा' ही ॲनिमे-मालिका चमूच्या कल्पनेचीच थट्टा करते. तिच्यातील मांत्रिक मुलगी दिवसातून एकदाच एकच स्फोटमंत्र टाकू शकते आणि लगेच जमिनीवर कोसळते. योद्धा स्त्रीचा वार कधी लागतच नाही. पेशांची वाटणी ठाऊक असलेल्यालाच हा विनोद पूर्णपणे कळतो.

र्‍योको कुई यांची 'डिलिशस इन डंजन' ही चित्रकथा २०१४ ते २०२३ या काळात प्रसिद्ध झाली आणि २०२४ साली तिचे ॲनिमे आले. लायोस या योद्ध्याच्या बहिणीला भुयारातील लाल ड्रॅगनने गिळले आहे. तिचे शरीर पचण्यापूर्वी मिळाले तर ती पुन्हा जिवंत होऊ शकते. पण चमूजवळ शिध्यासाठी पैसे नाहीत. म्हणून ते भुयारातील राक्षसांनाच शिजवून खात पुढे जातात. खेळात कोणी क्वचितच विचारलेला प्रश्न लेखिकेने विचारला आहे : भुयारातील हे सारे जीव काय खाऊन जगतात? त्या प्रश्नातून संपूर्ण परिसंस्था उभी राहते. पुनरुज्जीवन ही खेळातील एक सोय. येथे मात्र तिची किंमत चुकवावी लागते. मेलेल्याला परत आणण्याच्या हट्टातून जे निर्माण होते, त्याचे परिणाम कथा अखेरपर्यंत टाळीत नाही.

कानेहितो यामादा व त्सुकासा आबे यांची २०२० पासून प्रसिद्ध होऊ लागलेली 'फ्रीरेन' ही चित्रकथा, जिचे ॲनिमे २०२३ साली आले, जेथे खेळ संपतो तेथे सुरू होते. वीर, धर्मसेवक, योद्धा आणि मांत्रिक यांचा चमू दहा वर्षांच्या मोहिमेनंतर असुरराजाला मारून परतला आहे. मांत्रिक फ्रीरेन ही एल्फ असून हजार वर्षांहून अधिक जगलेली आहे. तिच्या लेखी दहा वर्षे म्हणजे क्षणभर. पन्नास वर्षांनी वीर हिम्मेल वार्धक्याने मरण पावतो, तेव्हा आपण त्याला जाणून घेतलेच नाही, हे तिला उमगते. एल्फचे दीर्घायुष्य ही नियमपुस्तकातील एक ओळ होती; येथे ती शोकाचे कारण झाली आहे. या कथेत पातळी वाढत नाही. वाढते ती समज, आणि तीही ज्याच्याविषयी ती असावयास हवी होती तो गेल्यानंतर.

निष्कर्ष :

१) अद्भुतरम्य ॲनिमे व भूमिकाखेळ यांच्यातील साम्याला ठोस ऐतिहासिक आधार आहे. 'रेकॉर्ड ऑफ लोडोस वॉर' आणि 'ड्रॅगन क्वेस्ट' ही १९८६ मधील दोन उदाहरणे त्या संबंधाचे मुख्य दुवे होत.

२) सर्व साम्ये प्रभावातून आलेली नाहीत. पेशांचे वर्गीकरण, अंकांत मांडलेले गुण आणि एल्फसारख्या जमाती खेळांतून आल्या. चमूची आवड व प्रहारांची घोषणा जपानी परंपरेत आधीच होती.

३) लेखकाला शेवट माहीत नसणे आणि श्रोत्यांच्या प्रतिसादाने कथा वळणे, हे क्रमशः चित्रकथा व भूमिकाखेळ यांच्यातील सर्वांत खोल साम्य आहे. ते कथनाच्या परिस्थितीचे साम्य आहे.

४) खेळाच्या नियमांनी कथेला श्रमाचा निश्चित हिशेब आणि मरणातून परतीची सोय दिली. या दोन देणग्यांनी अनेक कथा सुलभ व उथळ केल्या, तसेच उत्तम लेखकांना चिंतनाचा विषयही पुरविला.

५) संकेतांचे आधिक्य हे दारिद्र्याचे लक्षण मानता येत नाही. 'डिलिशस इन डंजन' किंवा 'फ्रीरेन' या कलाकृतींचे सामर्थ्य संकेत टाळण्यात नसून ते शब्दशः खरे मानून त्यांचे परिणाम शेवटपर्यंत तपासण्यात आहे.

साहित्याच्या अध्यापनात या निष्कर्षांचा व्यावहारिक उपयोग होऊ शकतो. कथानक, पात्र, संघर्ष, दृष्टिकोन या संज्ञा विद्यार्थ्यांना अनेकदा पाठ असतात, पण हाताळता येत नाहीत. ज्या कथांचे नियम त्यांना आधीच अवगत आहेत, त्यांपासून आरंभ केला तर संकेत म्हणजे काय, तो केव्हा निर्जीव होतो आणि केव्हा पुन्हा अर्थपूर्ण होतो, हे त्यांना स्वतःच्या अनुभवातून सांगता येईल. तेथून आपल्या कविसंकेतांकडे येण्याची वाट फार लांबची नाही.